दुसरी हाक

४ सप्टेंबर

आजपासून रोज सकाळी एक नवी कल्पना लिहायची. पुण्याच्या मार्गदर्शक बाईंचा हुकूम आहे. "रुचिका, चांगली-वाईट बघू नकोस, नुसती लिहीत जा. सुचायची सवय लागते." बाईंचं बरं आहे, त्यांना डुकरं हाकायची नसतात.

आम्हाला हाकायची आहेत. मी आणि दीपेश वाणगावला बाजाराच्या मागे एका खोलीत 'राखण' नावाची कंपनी चालवतो; मी राहतेही तिथेच. शेतात उभा करायचा एक डबा आहे, वर सोलर पॅनल, आत स्पीकर. दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत तो अधूनमधून आवाज काढतो आणि रानडुकरं पळतात. पळायची, असं म्हणायला हवं. डुक्कर थोड्याच दिवसांत कुठलाही आवाज ओळखतं. आम्ही वाघाची डरकाळी ठेवली होती. काल गंजाडच्या पाड्यावरून फोन आला की डुकरं डब्याच्या खांबाला पाठ घासून गेली.

भात पोटरीला आलंय. दाणा भरला की डुकरांच्या झुंडी उतरतील. दिवाळीनंतर बोर्डीचे बागायतदार बघायला येणार आहेत. आमच्या डब्याने एक शेत तोपर्यंत राखून दाखवलं, तर ते त्यांच्या डोंगराकडच्या वाड्यांसाठी डबे घेतील. नाही राखलं तर 'राखण' बंद. दीपेशला वापीच्या एका कारखान्यातून बोलावणं आलंय आणि तो माझ्या तोंडाकडे बघून थांबलाय. मला कुठूनच बोलावणं नाही.

आजची कल्पना: कुकरची शिट्टी.

९ सप्टेंबर

कुकरची शिट्टी एक संध्याकाळ चालली. फटाके दोन. दीपेशच्या आत्यांचं भांडण (गुजरातीत, त्यांना न विचारता रेकॉर्ड केलेलं) सगळ्यात जास्त टिकलं, पण आता डुकरांना तेही पाठ झालं असावं.

पूर्वी आंघोळ करताना, भाजी निवडताना काहीबाही सुचायचं. आता ठरवून वही उघडून बसते तर डोकं नुसतं कोरडं ठणठणीत.

आजची कल्पना: नाही.

१३ सप्टेंबर

आज गंजाडला गेलो. पाड्याच्या खालच्या अंगाची सगळी शेतं डुकरांनी नांगरल्यासारखी करून टाकलीत. मध्येच एक शेत तसंच्या तसं उभं. त्यात बांबूचा माळा, म्हणजे मचाण, माळ्यावर लडक्याबाबा. सत्तरीचा माणूस, अंगात बंडी, तोंडात विडी.

"बाबा, तुमच्याकडे डुक्कर कसं येत नाही?"

"येतं. मी हाकलतो."

"कसं?"

"कसं काय, तोंडानं."

ऊन उतरेपर्यंत थांबलो. अंधारून आलं तसा दीपेशने रेकॉर्डर लावला आणि बाबाने तोंडापाशी हात धरून आवाज टाकला: हूऽऽ गोऽऽ! जरा थांबून पुन्हा: हूऽऽ गोऽऽ! खालच्या घरात चूल पेटली होती. तिथून बारीक काहीतरी ऐकू आलं. बाबा खूश होऊन विडी ओढायला लागला.

इतक्या महिन्यांत आम्ही वाघ शोधला, फटाके शोधले, आणि माणसाचा आवाज मात्र सुचला नाही! मी बाबाला म्हटलं, ही हाक आम्हाला द्या. डबा तुमच्या माळ्यावर बांधतो, तुम्ही आता घरी झोपा.

"मग मी काय करू?" बाबा म्हणाला. खाली त्याची बायको, बायजी, दारात येऊन उभी होती. ती तोंडाला पदर लावून हसत होती. कशाला ते कळलं नाही. मीही हसले.

१५ सप्टेंबर

दीपेशने हाक साफसूफ केली. हेडफोन काढून म्हणतो, "अरे, बाबा तर इंग्लिश बोलतोय! गो! डुकरांना सरळ 'गो' म्हणून सांगतोय." पोट धरून हसलो. डब्याचं नाव तिथल्या तिथे ठरलं: 'गो'. चार अक्षरी, पाच अक्षरी नावं शोधण्यात आमचे दोन महिने गेले होते.

हाका दोन होत्या. त्यातली चांगली तेवढी ठेवली. बॅटरी वाचते आणि डुकराला चाल सापडत नाही. कधीही, अचानक, एकच हाक. मागे एक बारीक किरकिर होती, ती काढून टाकली. कार्ड पुसून पुढच्या कामाला घेतलं.

२८ सप्टेंबर

चाललंय! एक डुक्कर नाही. जानीचा, म्हणजे बाबाच्या मुलीचा, फोन आला होता. ती माहेरच्याच पाड्यात दिलेली, आणि बाबाचं शेत तीच बघते. म्हणाली, "बाबा घरात बसून सोताचाच आवाज ऐकतो. आये त्याला चिडवते."

बाबाला करमत नाही म्हणाली. संध्याकाळ झाली की दारात येऊन माळ्याकडे बघत उभा राहतो. होईल सवय.

६ ऑक्टोबर

जानी आज बसने वाणगावला आली. खोलीच्या दारात उभी राहिली, आत आली नाही.

"बाबा गेला."

दसऱ्याच्या आधीच गेला. छातीत दुखायला लागलं, गाडी मिळून डहाणूला नेईपर्यंत संपलं. मी म्हटलं, अगं, कळवलं का नाहीस?

"जाळून आलो, हातपाय धुतोय, नं बाबा शेतातून हाक मारतो," ती म्हणाली. "बारकी पोरं रडाय लागली. रोज मारतो. दिवा लागला का पाड्यातला कोणी भायेर नाय निघत."

डबा. डबा तसाच चालू होता. आमच्या डोक्यातच आलं नाही, आणि कसं यावं, तो मेलाय हे आम्हाला ठाऊक नव्हतं. दीपेश खाली बघत होता. मी म्हटलं, जानी, तो आवाज रेकॉर्ड केलेला आहे, तुला माहीत आहे ना?

"माना ठाव हाय. पण तो एकदाच हाक मारतो."

"म्हणजे?"

"जित्ता माणूस दोनदा मारतो. एकदा मारतो तो कोण, तुना नाय ठाव?"

ठाऊक आहे. माझ्या आजीनेही मला हेच शिकवलं होतं. बाहेरून नावाने कोणी बोलावलं तर लगेच ओ द्यायची नाही, दुसरी हाक येऊ द्यायची. मेलेलं माणूस एकदाच बोलावतं. मी इंजिनीअर झाले तरी अजून दुसऱ्या हाकेशिवाय दार उघडत नाही.

मग जानी म्हणाली, "नं ती हाक डुकराला नाय. डुकराला कोण गो बोलतं?"

दीपेशने गळ्यातला हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"आयेला हाय ती. बाबा तिचं नाव नाय घ्यायचा, गो बोलायचा. माळ्यावरून हाक मारायचा नं आये घरातून ओ द्यायची. ती जागी हाय का बघायचा. चाळीस वरसं. डुक्कर काय, दोन माणसं जागी हायेत बोलून नाय यायचा."

आजी मलाही गो म्हणायची. ये गो, जेव गो. आणि मी दीपेशबरोबर पोट धरून हसले होते. आज मला माझी लाज वाटते.

"आई काय करते आता?"

"तोंडात पदर कोंबून बसते. ओ गेली तोंडातून तर? ओ दिली का जावं लागतं."

आम्ही जानीबरोबरच गेलो आणि डबा बंद केला. बायजी ओटीवर बसली होती. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

१० ऑक्टोबर

वाघ पुन्हा लावला. कुकर लावला. तारप्याचं संगीत लावलं, दीपेशने स्वतः बोंब मारून रेकॉर्ड केली. डुकरं बाबाच्या शेताचा ओढ्याकडचा कोपरा खाऊन गेली. जानीचा फोन: "वरसाचं भात हाय, कायतरी कर."

बोर्डीचे लोक यायचे आहेत आणि माझ्याकडे द्यायला काही नाही. वही उघडते आणि डोक्यात एकच आवाज. भाजी चिरताना तोच, नळ सोडला की तोच. मी दुसरं काही ऐकायला गेले की हा मध्ये येतो. कल्पना यायची वाट याने अडवून धरलीय.

१२ ऑक्टोबर

सुचलं! आणि आंघोळीतच सुचलं, जुन्यासारखं.

पाडा आवाजाला घाबरत नाही. पाडा घाबरतो तो एका हाकेला. मग दोन करू! जिवंत माणसासारख्या, मध्ये तेवढंच थांबून. भीती जाईल, शेत राहील, बोर्डीवाल्यांना दाखवायला डबा राहील. इतकं सोपं होतं.

जानीला विचारलं. ती म्हणाली, "दोनदा वाजला तर पाडा नाय घाबरणार. आयेचं माना नाय ठाव." म्हणजे हरकत नाही असंच धरायला हवं.

बाबाची खरी दुसरी हाक आम्ही पुसून टाकलीय. दीपेशने पहिलीचीच नक्कल काढून पुढे जोडली. "रुचिका, आपण काय करतोय कळतंय का तुला? याला आपण परत जिवंत करतोय." मी त्याला झापलं. वापीला जायचं असेल तर जा म्हटलं. गेला नाही बिचारा.

१७ ऑक्टोबर

पाडा शांत आहे. बायका दिवेलागणीला पाण्याला जातात, पोरं अंगणात खेळतात. डुक्कर नाही. मला पुण्याच्या बाईंना फोन करून सांगावंसं वाटलं की लागू पडली एक कल्पना.

बायजीही सावरलीय. आज गेले तर केस विंचरून, अबोलीची वेणी माळून बसली होती. मला "ये गो" म्हणाली. भाकऱ्या फडक्यात बांधत होती. संध्याकाळी माळ्यावर जाते म्हणाली, तिथं बरं वाटतं. म्हटलं, छान, मोकळ्या हवेत बसा. भाकऱ्या एकट्या म्हातारीच्या मानाने जास्त होत्या. भूक परत आली हे चांगलंच लक्षण आहे.

जानी मात्र माझ्याशी तुटक बोलली. दमली असेल.

२५ ऑक्टोबर

बोर्डीचे लोक येऊन गेले. चिमणभाई त्यांचे म्होरके, चिकूच्या वाड्या डोंगरापर्यंत पसरलेल्या. ऊन उतरल्यावर सगळे बांधावर उभे राहिलो. ओढ्यापलीकडे झुडपं हलत होती. डुकरं आली होती, चिमणभाईंनी स्वतः बोट दाखवलं.

हूऽऽ गोऽऽ! झुडपं थांबली.

हूऽऽ गोऽऽ!

आणि माळ्यावरून बाईचा आवाज आला, तरण्या पोरीसारखा: "ओऽऽ! हाय रेऽऽ!"

ओढ्यात एकदम खळबळ झाली आणि सगळी झुंड उलटी पळाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चिमणभाई म्हणाले, "डब्यातून उत्तर पण येते! एक बोलते, दुसरी जवाब देते. डुकराला वाटणार की माणसं आहेत. ही आयडिया कशी सुचली तुम्हाला?"

मी वर बघितलं. अंधारलं होतं, माळ्यावर कोण आहे ते खालून दिसत नव्हतं. जानी माझ्या शेजारी उभी होती.

मी म्हटलं, "सुचली अशीच."

काम मिळालं. बारा वाड्यांना डबे हवेत, उत्तरासकट. जानी घराकडे गेली.

२७ ऑक्टोबर

रेकॉर्डर घेऊन बायजीकडे गेले. ती सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. म्हटलं, आजी, एकदाच ओ द्या यात, तुम्ही रोज देता तशी.

"कोणाला देऊ? तू तर समोर हायेस."

"नुसतीच द्या. डब्यात ठेवायला."

ती हसली. मग माझी कीव आल्यासारखं म्हणाली, "ओ डब्यात नाय राहात गो. हाक राहते. ओ दिली का जावं लागतं. मी जातंय ना रोज."

खूप विनवण्या केल्या. काही केल्या ऐकेना. परत येताना आठवलं, बाबाच्या त्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये मागे बारीक किरकिर होती. तीच तिची ओ असणार. ती आम्ही साफ केली.

दीपेशने आत्याची ओ घेऊन बघितली, बाजारातल्या भाजीवालीची घेतली. कुठलीच बसेना. ऐकताना कळतं की कोणीतरी कोणालाच उत्तर देत नाहीये. शेवटी ठरलं, तूर्त दोन हाका पाठवू, उत्तर मागाहून.

८ नोव्हेंबर

गंजाडची कापणी झाली. भात घरात आलं. आम्ही माळ्यावरचा डबा सोडवला, बोर्डीला द्यायच्या डब्यांत तोही धरला. बायजी मुलाकडे तलासरीला गेली होती, ते एक बरं झालं.

संध्याकाळी जानीचा फोन. "आये परत आलीय. बोलते, त्याला कठं नेला?"

मी म्हटलं, बोर्डीला. मग फोनवर बायजीच आली. ओरडली नाही, रडली नाही.

"तिकडं कोण हाय त्याचं?"

"कोणी नाही, आजी. वाड्या आहेत, चिकूच्या."

"मग ओ कोण देल?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कोणीतरी द्या गो. दोनदा हाक मारली नं ओ नाय आली, तर माणूस बघाय निघतो. मी नाय दिली तवा त्याला किती वाईट वाटला असेल."

मी म्हटलं, हो, देऊ. माणसं दुकानात 'हो, बघतो' म्हणतात तसं म्हटलं.

१२ नोव्हेंबर

बारा वाड्यांत डबे लागले. दीपेश पहिल्यांदाच आनंदात होता, शिट्टी वाजवत तारा ओढत होता. चिमणभाईंनी नारळपाणी दिलं. झाडांखाली चिकूचा वास, आणि तिथे आधीच अंधार झाला होता.

आधी डोंगराकडून आली: हूऽऽ गोऽऽ! हूऽऽ गोऽऽ! मग समुद्राच्या अंगाच्या वाडीतून. मग अगदी जवळून. एकदम नाही, एक झाली की दुसरीकडून, तोच आवाज, तीच हाक. मला त्या क्षणी असं वाटलं की म्हातारा या वाडीतून त्या वाडीत फिरतोय आणि ती कुठे सापडत नाहीये. डुकरांचं मला काही सुचेना. माझा जीव इतका कळवळला की काय सांगू.

माझ्या तोंडून ओ गेली. मोठ्याने. "ओऽऽ! हाय रेऽऽ!"

सगळे वळून बघायला लागले. चिमणभाई हसले, "नमुना दाखवला वाटते." दीपेश हसला नाही.

खरं सांगायचं तर त्यानंतर थोडा वेळ सगळीकडे शांत होतं. प्रोग्रॅमप्रमाणे तसं व्हायला नको होतं.

२० नोव्हेंबर

बोर्डीत डुक्कर नाही. चिमणभाईंनी आणखी लोकांना आमचा नंबर दिलाय, तलासरीकडून विचारणा आलीय. दीपेशने वापीला नकार कळवला. म्हणतो, पुढच्या हंगामाला नवा आवाज लागेल, रुचिका, तू कल्पना लिहीत होतीस त्याचं काय झालं?

मी संध्याकाळी खोलीवर नसते. डब्यांची पाहणी करायला जाते असं सांगते. बस बोर्डीच्या नाक्यावर सोडते. तिथून चालत वाड्यांच्या मधल्या रस्त्यावर जाते, उभी राहते, ओ देते, परत येते. गडीमाणसांना सवय झालीय. एक बाई मला चहा आणून देते.

जानीला फोन केला होता. आईला सांग म्हटलं, ओ देते मी. मागून बायजीचा आवाज आला, "जाते ना पण?" जाते म्हटलं.

२४ नोव्हेंबर

काल ताप होता. दीपेशने जाऊ दिलं नाही. गोळी देऊन, पांघरूण घालून तो घरी गेला. बाजार उठला होता. दिवे लागले.

खोलीत एकही डबा नाही, सगळे बोर्डीला आहेत. मी ते दोनदा बघून घेतलं.

दाराबाहेरून हाक आली. हूऽऽ गोऽऽ!

मी दुसरीची वाट बघितली. आजीने सांगितलं होतं तशी, श्वास धरून. दुसरी आली नाही. मी तोंडात ओढणी कोंबून भिंतीला टेकून बसले, सकाळ होईपर्यंत.

आज अंगात कणकण आहे. दीपेश म्हणतो, एक दिवस अजून पडून राहा, डबे कुठे पळून जात नाहीत. त्याला काय सांगू?

आजची कल्पना: नाही.

उन्हं उतरायला लागलीत. बस गाठायला हवी. तिथे निदान तो दोनदा हाक मारतो.